टँकवरचा मुरूम

त्या वर्षी पोळ्यापासून दसरा उलटेपर्यंत आमच्या घरात पावशी नव्हती. पावशी म्हणजे आमच्याकडची विळी. ती होती खरी, पण आईने कुठेतरी लपवली होती. तिच्याबरोबर इळे, कोयता, कुऱ्हाड, बाबांचा दाढीचा डबा, बैलांची जादा दावी, फवारणीच्या औषधाचे डबे, इतकंच काय माझ्या कंपासपेटीतलं कर्कटकसुद्धा घरातून नाहीसं झालं होतं. विहिरीवर बाबांनी लोखंडी जाळी बसवून घेतली होती आणि शेजाऱ्यांना सांगितलं होतं की पोरं वाकून पाहतात म्हणून. पुढच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. तिच्या जागी लाकडात चार छिद्रं राहिली होती, आणि त्या छिद्रांकडे घरातलं कोणी पाहत नसे. आमचं देवळी गावाजवळचं ते साधं कवेलूचं, कौलारू घर, रोज सकाळी बादल्यांचा आणि बैलांच्या घंटांचा आवाज करत उठणारं. त्या पावसाळ्यात मात्र ते पाय न वाजवता चालायला शिकलं होतं.

त्या दिवसांतलं जेवण अजून माझ्या जिभेवर आहे, कारण ते सगळं न चिरलेलं होतं. भेंडी हाताने मोडलेली. वांगी अख्खी चुलीत भाजून त्यांचं भरीत. कांदा पाटावर ठेवून बुक्कीने फोडलेला. कोहळं दगडावर आपटून त्याच्या निघतील तशा खापा. आंबाडी आणि चवळी खुडून होई म्हणून तीच तीच आठवडाभर. "हातानं मोडलेल्या भाजीले चव राह्यते," असं आई बाबांना वाढताना मोठ्याने म्हणे. बाबा मान हलवत. पण ते वाक्य बाबांसाठी नव्हतं, पलीकडे भिंतीला टेकून जेवणाऱ्या काकाजींसाठी होतं, हे मला कळत होतं. काकाजी ताटातून मान वर काढत नसत. आज वर्ध्याजवळ सिंदी मेघेला माझ्या स्वयंपाकघरात सगळ्या तऱ्हेच्या सुऱ्या आहेत, तरी मागून कोणाचं पाऊल वाजलं की माझा हात आपोआप सुरीवर फडकं टाकतो. सून हसते. तिला मी अजून कारण सांगितलेलं नाही.

भास्करकाकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते सैन्यात टँक चालवत. राजस्थानातल्या वाळूत सराव चालू असताना त्यांच्या टँकला आग लागली. चालवणाऱ्याची जागा पुढे असते, त्याचं झाकण वेगळं असतं, म्हणून काकाजी बाहेर पडू शकले. मागच्या बुरुजात बसलेले त्यांचे दोघे सोबती पडू शकले नाहीत. काकाजींना काही महिने दवाखान्यात ठेवलं आणि मग घरी पाठवलं. डाव्या हाताची कातडी तांब्याच्या भांड्यासारखी चकाकणारी झाली होती, बाकी माणूस वरून तसाच दिसत होता. लहानपणी मला खांद्यावर घेऊन देवळीच्या बाजारात हिंडणारा हा माणूस आता कुकरची शिटी वाजली की जागच्या जागी ताठ होई आणि बराच वेळ तसाच उभा राही. पोळ्याच्या सुमाराला एका दुपारी शेजारच्या वावरातल्या दोघांनी त्यांना आमच्या विहिरीच्या काठावरून दंडाला धरून घरी आणलं. मला कोणी काही सांगितलं नाही. मी दाराआडून ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळपासून पावशी दिसेनाशी झाली.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं की त्यांना एकटं सोडू नका आणि हाताला काही काम द्या. आईबाबांना वावरात जावं लागे, कापूस निंदायला आला होता. मग पाळ्या ठरल्या. सकाळी आई घरी, दुपारनंतर मी; आई वावराला निघे आणि मी पोहोचे, त्यात घटकाभर काकाजी एकटे असत. सकाळची शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर न थांबता मी पळत घरी येई आणि दारात पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबून कान देई. तो क्षण मी आयुष्यभर विसरले नाही. पुढे परीक्षांचे निकाल, प्रसूती, आईचं शेवटचं आजारपण, सगळं पाहिलं. पण आत काय दिसेल या भीतीने पायरीवर उभं राहणं मला त्या वर्षीच कळलं, आणि तेव्हा मी आठवीत होते.

हाताला काम मिळालं ते काकाजींच्या काळ्या ट्रंकेतून. तिच्यात एक खोका होता, त्याच्यावर टँकचं रंगीत चित्र. आत प्लास्टिकचा टँक, माझ्या वीतभर लांबीचा, जोडून तयार, पण राखाडी, बिनरंगाचा. काकाजी आणि त्या दोघा सोबत्यांनी मिळून तो दिल्लीहून मागवला होता. जोडायचं काम हरपालचं आणि रंगवायचं काकाजींचं, असं ठरलं होतं. हरपाल म्हणजे बुरुजातल्या त्या दोघांपैकी गोळा डागणारा जोडीदार. त्याचं काम आग लागायच्या आधीच करून झालं होतं.

"माहं बाकी हाय," काकाजी एके दिवशी म्हणाले. घरी आल्यापासून आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

रंग वर्ध्याहून आणले. चिमुकल्या डब्यांतला ऑइलपेंट, बारीक ब्रश, पॉलिश पेपर. प्लास्टिकच्या कडा साफ करायला ब्लेड लागतं, ते मात्र आणलं नाही. काकाजींनी मागितलंही नाही. पॉलिश पेपरने घासत बसले. टर्पेंटाइनची बाटली आईच्या ताब्यात होती, म्हणून रंगकाम ती घरी असेल तेव्हाच. मी स्वयंपाकघरात जायचं, आईने बाटलीच्या झाकणात थोडंसं ओतून द्यायचं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून पुढच्या खोलीत न्यायचं. काम झालं की उरलेलं परत. त्या वासाची मला इतकी धास्ती बसली की पुढे कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मी दारातूनच मागे फिरले. आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली. सरांना वाटलं, खेड्यातली पोर घाबरली.

ब्रश धुताना काकाजी तो स्टीलच्या वाटीच्या कडेवर टिचकावत. टिक, टिक, टिक. ज्या दुपारी आई घरी असे त्या दुपारी ती भाकरी थापता थापता तो आवाज ऐकत असे. आवाज थांबला की तिचे हातही थांबत.

"कुंदे, काकाजीले च्या पाह्यजे का इचार."

"आत्ताच पेले ते."

"इचार म्हन्लं ना!"

मी जाऊन पाहून येई. काकाजी टँक डोळ्यांसमोर धरून बसलेले असत. मग पुन्हा टिक टिक सुरू होई आणि आईची भाकर तव्यावर पडे.

हिरवा रंग दोन हातांत झाला. तो वाळला तेव्हा टँक इतका सुरेख दिसत होता की मी टाळ्या वाजवल्या. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून झाल्यावर बैल जसा दिसतो तसा. मला वाटलं, झालं. काकाजी म्हणाले, "आता तर सुरू होते. असा नवाकोरा टँक फक्त फोटोत राह्यते. आता याले वापरलेला कराचा."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नवी वस्तू जुनी करायची, आणि तीसुद्धा जपून. काळपट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून ते टँकवर सोडत. तो खाचाखोचांत जाऊन बसे आणि वरचा फडक्याने पुसला की प्रत्येक खिळा, प्रत्येक सांधा उठून दिसे. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग घासायचा, म्हणजे तिथला रंग घासून गेलाय असं वाटतं. चढा-उतरायच्या जागी बुटांनी झिजल्याच्या खुणा. धुराच्या नळीवर गंज. प्रत्येक खुणेला काहीतरी कारण होतं, आणि मी विचारलं तरच ते सांगत.

"हा ओरखडा कायचा, काकाजी?"

"बाभळीचा. रिव्हर्स घेताना."

"अन् हे खरचटलेलं?"

"हरपाल इथं चहाचा मग ठेवे. रोज एकाच जागी. साहेब रागवे, तरी ठेवेच." त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मोठा आडमुठा होता."

मग माती. चाकांना आणि पट्ट्यांना माती लावायची होती. मी आनंदाने वावरातली मूठभर आणली. त्यांनी ती बोटावर घेतली आणि मान हलवली. "आपली काळी माती नाई चालत पोरी. हा टँक काळ्या मातीत गेलाच नाई कधी." शेवटी टेकडीकडचा पिवळट मुरूम मी आणला, पाट्यावर वाटला, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळला. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात तो कालवायचा आणि ब्रशने थोडा थोडा चढवायचा. वाळला की वाळवंटातली धूळ बसल्यासारखाच दिसे. खरंच सांगते, ते दिवस भीतीचे होते, पण नीट पाहायला मी तिथे शिकले. पुढे पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना "आधी पाहा, मग लिहा" असं सांगताना मला त्या पुढच्या खोलीतला उजेड आठवे. त्याबद्दल मी काकाजींची ऋणी आहे.

एक जागा मात्र ते सोडून देत. बुरुजाच्या मागची डावी बाजू. तिथे ना ओरखडा, ना धूळ, नुसता स्वच्छ हिरवा रंग. मी एकदा ब्रश तिकडे नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"तिथं शेवटी."

"तिथं काय कराचं हाय?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीत मेणबत्तीचा एक तुकडा ठेवलेला होता. लाइट जाते म्हणून असेल असं मला वाटलं होतं. त्या क्षणी मला कळलं की तो काजळी धरायला आहे, त्या बाजूला आगीचा डाग उमटवायला.

"दसऱ्यापर्यंत झाला पाह्यजे," काकाजी म्हणाले. "मंग माही ड्यूटी सपली."

हे त्यांनी इतकं हळू आणि समाधानाने म्हटलं की मी ब्रश तसाच खाली ठेवला. मी टर्पेंटाइनचं झाकण उचलून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. तिने हात तसेच पिठात ठेवले. बाहेर कोंबडी ओरडत होती, तिला हाकलायचंही तिला सुचलं नाही. मग तिने विचारलं, "ड्यूटी सपली म्हन्ले? अशेच?"

"अशेच."

"मंग होऊ देऊ नको," आई म्हणाली.

त्या दिवसापासून मी तो टँक पूर्ण होऊ देत नव्हते. मुरूम जाडाभरडा वाटायचा, म्हणजे तो पुन्हा चाळावा लागे. डिंक पातळ करायचा, म्हणजे माती गळून पडे. "काकाजी, इथं अजून गंज पाह्यजे का वो?" "काकाजी, साखळीवर चिखल कमी वाटून राह्यला." ते प्रत्येक वेळी टँक डोळ्यांजवळ नेत, विचार करत आणि मान्य करत. कामात ते इतके प्रामाणिक होते की चूक दाखवली की ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नसत. पण कधी ना कधी चुका संपणार होत्या. शाळेत फळ्याकडे पाहताना मला टँकची डावी बाजू दिसे. दसरा जवळ येऊ लागला तसा मला ताप आल्यासारखं वाटू लागलं. आई कपाळाला हात लावी, ताप नसे.

आणि मग एक अडचण उभी राहिली, जिचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता. खांडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं एकूण एक हत्यार बाहेर काढून, धुऊन, ओळीने मांडून पूजतात. वर्षभर ज्यांच्या जिवावर खाल्लं, त्यांना त्या दिवशी हळदकुंकू, फूल आणि विश्रांती. एखादं वगळणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. बाबांचा यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. आदल्या संध्याकाळी गोठ्यात दोघं कुजबुजत होते.

"औंदा नाई पूजलं तं?" आईने विचारलं.

"आतापर्यंत झालं ते कमी हाय का?" बाबांचा आवाज चिरका झाला होता. "पुजावं लागनच."

"सारं काहाडावं लागते मंग. त्याइच्या डोयासमोर."

शेवटी असं ठरलं की सकाळी बाबा काकाजींना कटिंगला देवळीला नेतील, तेवढ्यात आई सगळं धुऊन मांडेल, ते आले की झटपट पूजा आणि लगेच सगळं परत जागच्या जागी. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा असतो हे बाबांना ऐनवेळी आठवलं असावं. पूर्ण वेळ ते काकाजींच्या खुर्चीला खेटून उभे होते आणि न्हाव्याने "बसा ना बापू" म्हटलं तरी बसले नाहीत, हे नंतर त्यांनीच सांगितलं. मी आपट्याची पानं आणायला मैत्रिणींबरोबर गेले होते.

परत आले तर अंगणात ओळ मांडलेली. वखर, डवरा, तिफन, सब्बल, कुऱ्हाड, कोयता, इळे, फवारणीचा पंप, दावी, दाढीचा डबा, पावशी, माझं कर्कटक. सगळं ओलं, उन्हात चमकणारं. एवढं लोखंड आमच्या घरात आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि त्या ओळीच्या शेवटी, पाटावर, टँक. स्वच्छ, हिरवा, लखलखीत. ऑइलपेंटचे ओरखडे आणि गंज तेवढे उरले होते, मुरमाचा कण नाही. डिंक पाण्यात विरघळून गेला होता, खाली पिवळट ओघळ तेवढा दिसत होता. तोफेच्या नळीवर आईने हळदकुंकवाची बोटं ओढली होती आणि झेंडूचं फूल वाहिलं होतं.

"आई! हे काय केलं वं?"

"मळकं हत्यार पुजते का कोनी?" आई म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

तिने ते नकळत केलं की मला "होऊ देऊ नको" म्हणणाऱ्या बाईने मुद्दामच तो धुऊन काम पुन्हा मागे नेलं, हे मी तिला पुढे म्हातारपणी एकदा विचारलं. तिने तेच उत्तर दिलं आणि तांदूळ निवडत राहिली.

फाटक वाजलं. पुढे काकाजी, नवे कापलेले केस, मागे बाबा. काकाजी ओळीच्या पहिल्या टोकाला थांबले. आई हातात पूजेचं ताट घेऊन उभी होती. काकाजी एकेका वस्तूकडे पाहत पुढे सरकू लागले. कुऱ्हाडीपाशी थांबले. दाव्यांपाशी थांबले. बाबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पुढे झेपावायच्या तयारीत. पावशीपाशी ते उकिडवे बसले.

"पावशी बी?" ते म्हणाले. "वहिनी, तुमी इतके दिवस पावशीबिना सैपाक केला?"

आईने ताट खाली ठेवलं.

"मले वाटलं, वहिनीचा सैपाक बिघडला." ते कर्कटक उचलून पाहू लागले. "पोरीचं हे बी. अन् मी म्हनो, या पोट्टीचे गोल असे वाकडे कसे येऊन राह्यले."

मग त्यांची नजर टँकवर गेली. मी डोळे मिटले. कुकरच्या शिटीने ताठ होणारा माणूस, इतक्या दिवसांचं काम, आता काय होईल? डोळे उघडले तेव्हा त्यांनी टँक दोन्ही हातांत घेतला होता आणि कुंकवाच्या बोटांकडे पाहत होते.

"कोनं धुतला?"

"मी," आई म्हणाली.

"आमी बी धोवो दसऱ्याले," काकाजी म्हणाले. "पानी कमी राहे तिथं, तरी धोवो. हरपाल वर चढून नारळ फोडे. पट्ट्याखाली लिंबू ठेवे अन् मले म्हने, चल भास्कर, हळू घे." ते त्या अंगणात, त्या हत्यारांच्या ओळीत, टँक छातीशी धरून रडले. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. त्यांना तसं रडताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. बाबा त्यांच्याजवळ मातीतच बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून होकाराच्या त्याच त्याच दोन शब्दांत बोलत राहिले, "हाव रे, हाव रे."

एवढ्याने सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही वाईट दिवस आले, डॉक्टरकडे फेऱ्या झाल्या, गोळ्या बदलल्या. टँकवर पुन्हा माती चढली, ती डाव्या बाजूचं काहीही न करता. पण तो पुढचा भाग झाला. त्या दिवशी मात्र पूजा झाली, आंबाडीची भाजी आणि भाकर सगळ्यांनी अंगणातच खाल्ली, आणि उन्हं कलायला लागली तशी आईबाबांची चुळबुळ सुरू झाली. हत्यारं तशीच पडलेली. उचलायची कशी? आता लपवणार कोणापासून, आणि न लपवून झोप कशी येणार? बाबा उठले, खाकरले, पुन्हा बसले. आई उगाचच ताट पुसत होती.

काकाजीच उठले. त्यांनी कुऱ्हाड उचलली तेव्हा बाबांच्या घशातून आवाज निघाला. काकाजींनी ती दांड्याकडून आईपुढे धरली.

"लपवा, वहिनी."

आईने दांडा हातात घेतला.

"अजून काही दिवस लपवा. मले अजून माहा भरोसा नाई," ते म्हणाले. "पन कुठं लपवता ते मले दिसू देऊ नका."

आणि ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि, का कोण जाणे, मीही डोळे झाकले. मागे लोखंडाचे आवाज होत होते, बाबांची पावलं, आईच्या बांगड्या, कुठल्यातरी दाराची करकर. पोळ्यापासून चोरून चाललेलं ते काम पहिल्यांदाच मोठ्याने चाललं होतं. माझा खांदा त्यांच्या कोपराला लागला होता.

"झालं का, वहिनी?" काकाजींनी विचारलं.

"थांबा भाऊजी," आतून आई ओरडली, "कोयता राह्यला."